वेगमर्यादाभंग आणि वाहनचालनबंदी (ब्रिटन)

ठरवून दिलेल्या वेगमर्यादेपेक्षा अधिक वेगाने वाहन चालवल्याबद्दल चालकाचा वाहन चालवण्याचा हक्क न्यायालयाने ठरावीक मुदतीसाठी काढून घेणे, यास ब्रिटनमध्ये वाहनचालनबंदी म्हणतात. ही बंदी दोन वाटांनी येते. एकाच प्रसंगी वेग फारच जास्त आढळला तर त्या एका गुन्ह्यासाठी बंदी घातली जाऊ शकते. दुसरी वाट अधिक संथ आहे. किरकोळ वाटणाऱ्या गुन्ह्यांचे दोषांक साचत जातात आणि तीन वर्षांच्या आत त्यांची बेरीज १२ झाली की किमान सहा महिन्यांची बंदी येते. या दुसऱ्या प्रकाराला बोलभाषेत 'टॉटिंग-अप' म्हणजे बेरीज मांडणे असे म्हणतात. चौथ्या वेळी मर्यादेपेक्षा अवघे आठ मैल अधिक वेगाने गेलेला चालकही त्यामुळे सहा महिने गाडीला मुकू शकतो.

या लेखात मुख्यतः इंग्लंड व वेल्समधील पद्धतीचे वर्णन आहे. स्कॉटलंडमध्ये मूळ कायदा बहुतांशी तोच असला तरी न्यायालये व पुराव्याचे नियम निराळे आहेत. उत्तर आयर्लंडचा कायदा स्वतंत्र आहे. ब्रिटनमध्ये वेग ताशी मैलांत मोजतात. १ मैल म्हणजे सुमारे १.६१ किलोमीटर.

'पेनल्टी पॉइंट' या संज्ञेसाठी येथे 'दोषांक' हा शब्द योजला आहे. 'गुण' हा शब्द काही ठिकाणी वापरलेला आढळतो. परंतु मराठीत गुण मिळवायचे असतात, टाळायचे नसतात, म्हणून तो येथे दिशाभूल करणारा ठरतो.

इतिहास

१८६५ च्या कायद्याने रस्त्यावरून धावणाऱ्या यांत्रिक वाहनांना गावाबाहेर ताशी ४ मैल व गावात २ मैल अशी मर्यादा घातली होती आणि वाहनापुढे एका माणसाने चालत जाणे सक्तीचे केले होते. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यातील पॅडॉक वुड येथे वॉल्टर अर्नोल्ड याने २ मैलांच्या हद्दीतून सुमारे ८ मैल वेगाने गाडी नेली. हवालदाराने त्याचा सायकलवरून पाठलाग करून त्याला पकडले. वेगाच्या गुन्ह्याबद्दल त्याला एक शिलिंग दंड झाला. मोटार चालवणाऱ्यास वेगाबद्दल झालेली ही जगातील पहिली शिक्षा मानली जाते.

१९०३ च्या मोटारगाडी कायद्याने मर्यादा ताशी २० मैल केली. वाहनांना क्रमांक आणि चालकांना परवाने आणले. आजच्या बंदीचे मूळ याच कायद्यात आहे. गुन्ह्याची नोंद परवान्यावरच करावी आणि न्यायालयास परवाना निलंबित करता यावा, अशी तरतूद त्यात होती. मात्र केवळ वेगाच्या पहिल्या दोन गुन्ह्यांना त्यातून सूट होती. वारंवारता हीच खरी खोड, एखादी चूक नव्हे, हा विचार तेव्हापासूनचा आहे.

पोलीस झुडपांआड दबा धरून घड्याळाने वेग मोजत. त्यांच्यापासून सभासदांना सावध करण्यासाठी १९०५ मध्ये ऑटोमोबाईल असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. पुढे पोलीस आहेत असे उघड सांगणे हा पोलिसांच्या कामातील अडथळा ठरतो, असा निर्णय १९१० मध्ये लागला. तेव्हा संघटनेच्या सायकलस्वार कार्यकर्त्यांनी उलटी युक्ती काढली. धोका नसेल तर सभासदाला सलाम करायचा आणि पोलीस असतील तर करायचा नाही. सलाम न करण्याबद्दल कोणावर खटला भरणार?

१९३० च्या कायद्याने मोटारींवरील वेगमर्यादाच रद्द केली. १९३४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मृत्यू पावली. त्यावेळी देशातील वाहनांची संख्या आजच्या मानाने अगदीच थोडी होती. मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा परत आली. मोटारमार्गांवरील ७० मैलांची मर्यादा डिसेंबर १९६५ मध्ये प्रायोगिक म्हणून आली आणि १९६७ मध्ये कायम झाली. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीच्या बहुतेक रस्त्यांवर २० मैलांची मर्यादा लागू आहे.

बेरजेची बंदी १९६२ च्या कायद्याने आली. तीन वर्षांत परवान्यावर तीन नोंदी झाल्या तर सहा महिने बंदी, असा तो सरळ हिशेब होता. त्यात लहानमोठ्या सर्व गुन्ह्यांचे वजन सारखेच पडे. हा दोष दूर करण्यासाठी १९८१ च्या परिवहन कायद्याने दोषांकांची पद्धत आणली. ती नोव्हेंबर १९८२ पासून अमलात आली.

वेग कसा पकडला जातो

वेगमर्यादाभंग हा १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्याच्या कलम ८९ खाली गुन्हा आहे. एकट्या साक्षीदाराच्या केवळ अंदाजावरून कोणालाही दोषी ठरवता येत नाही, असे तेच कलम सांगते. त्यामुळे पुराव्याची मदार मान्यताप्राप्त यंत्रांवर असते. त्यांपैकी गॅट्सो कॅमेरा सर्वांत परिचित आहे. तो डच शर्यतपटू मॉरिस गॅट्सोनिडेस यांच्या नावाने ओळखला जातो. वळणावर आपली स्वतःची गाडी किती वेगाने जाते हे मोजून अधिक वेगाने जाता यावे म्हणून त्यांनी हे यंत्र बनवले होते. गॅट्सो कॅमेरा अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन छायाचित्रे घेतो. रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या रेघांवरून वाहनाने तेवढ्या वेळात कापलेले अंतर ताडून पाहता येते. याखेरीज दोन ठिकाणांमधील सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आणि पोलिसांच्या हातातील लेझर यंत्रेही वापरात आहेत.

मर्यादा ओलांडताच गुन्हा घडतो. तरी पोलीसप्रमुखांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार साधारणपणे मर्यादेच्या दहा टक्के अधिक दोन मैल यापुढे कारवाई सुरू होते. म्हणजे ३० च्या रस्त्यावर ३५ पासून. ही सवलत कायद्यात लिहिलेली नाही, आणि ती हक्काने मागता येत नाही.

पोलिसांनी जागेवर थांबवून तोंडी बजावले नसेल, तर खटल्याच्या विचाराची लेखी सूचना गुन्ह्यापासून १४ दिवसांच्या आत चालकास किंवा ज्याच्या नावे गाडी नोंदलेली आहे त्यास पोहोचावी लागते. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम यांच्यावर ४० च्या रस्त्यावरून ५९ मैल वेगाने गेल्याचा आरोप होता. ही सूचना गाडीच्या मालक कंपनीस वेळेत मिळाली नाही, म्हणून सप्टेंबर २०१८ मध्ये ते सुटले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात गाडी चालवताना मोबाईल हाताळल्याबद्दल त्यांना ६ दोषांक मिळाले. आधीचे ६ परवान्यावर होतेच. बेरीज १२ झाली आणि सहा महिन्यांची बंदी आली.

चालकाची ओळख आणि खोटे सांगण्याचा मोह

कॅमेऱ्याला गाडीचा क्रमांक दिसतो. चालक ओळखू येतोच असे नाही. म्हणून १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम १७२ ने गाडीच्या नोंदणीकृत धारकावर, त्या वेळी गाडी कोण चालवत होते हे २८ दिवसांत कळवण्याचे बंधन घातले आहे. न कळवल्यास ६ दोषांक आणि १,००० पौंडांपर्यंत दंड होतो. मूळ वेगाच्या गुन्ह्याला बहुधा ३ च दोषांक मिळतात. गप्प बसणे म्हणजे दुप्पट किंमत मोजणे होय.

ज्याच्या परवान्यावर आधीच ९ दोषांक आहेत, त्याला हा कागद भरताना घरातील दुसऱ्या कोणाचे तरी नाव लिहिण्याचा मोह होतो. असे करणे म्हणजे न्यायाच्या कामात अडथळा आणणे होय आणि त्याची शिक्षा कारावास आहे. मार्च २००३ मध्ये ख्रिस ह्यून यांची गाडी एम-११ मोटारमार्गावर वेगाने जाताना टिपली गेली. त्यांना बंदी येणार होती. त्यांच्या तत्कालीन पत्नी व्हिकी प्राइस यांनी ते दोषांक आपल्या नावावर घेतले. पुढे ह्यून ब्रिटिश मंत्रिमंडळात ऊर्जामंत्री झाले. विवाह मोडल्यानंतर २०११ मध्ये ही गोष्ट बाहेर आली. २०१२ मध्ये आरोप ठेवला जाताच त्यांनी मंत्रिपद सोडले आणि मार्च २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. जी बंदी टाळण्यासाठी हे सारे केले, ती टळलीही नव्हती. २००३ मध्येच मोबाईलच्या दुसऱ्या गुन्ह्यामुळे ह्यून यांना ती भोगावी लागली होती.

पीटरबरोच्या खासदार फिओना ओनासान्या यांनाही वेगाच्या चौकशीत खोटे बोलल्याबद्दल जानेवारी २०१९ मध्ये तीन महिन्यांची कैद झाली. त्याच वर्षी मतदारांनी त्यांना परत बोलावले. अशा रीतीने पद गमावलेल्या त्या पहिल्या ब्रिटिश खासदार ठरल्या. त्यांच्या मूळ गुन्ह्यातील वेग ३० च्या रस्त्यावर ४१ मैल होता.

प्रशिक्षण, ठरीव दंड, न्यायालय

वेग थोडाच जास्त असेल आणि चालकाने मागील तीन वर्षांत वेगजाणीव प्रशिक्षण घेतले नसेल, तर इंग्लंड व वेल्समध्ये पोलीस त्याला हे प्रशिक्षण देऊ करू शकतात. ३० च्या रस्त्यावर ही शक्यता साधारण ४२ मैलांपर्यंत असते. शुल्क स्वतः भरावे लागते, पण दोषांक लागत नाहीत. स्कॉटलंडमध्ये ही सोय नाही. त्याहून पुढे १०० पौंडांचा ठरीव दंड व ३ दोषांक. वेग बराच जास्त असेल, किंवा आधीच्या दोषांकांमुळे बंदीचा प्रश्न उपस्थित होणार असेल, तर प्रकरण मॅजिस्ट्रेट न्यायालयात जाते.

न्यायालयात वेगाच्या तीन श्रेणी मानल्या जातात. ३० च्या रस्त्यावर ४० पर्यंतचा वेग सर्वांत खालच्या श्रेणीत, ४१ ते ५० मधल्या आणि ५१ पासून पुढे वरच्या श्रेणीत येतो. ७० च्या रस्त्यावर याच सीमा ९० आणि १०० या आहेत. खालच्या श्रेणीस ३ दोषांक असतात. मधल्या श्रेणीस ४ ते ६ दोषांक किंवा ७ ते २८ दिवस बंदी, वरच्या श्रेणीस ६ दोषांक किंवा ७ ते ५६ दिवस बंदी दिली जाते. दंड चालकाच्या साप्ताहिक उत्पन्नाच्या अनुक्रमे ५०, १०० व १५० टक्के या पायावर ठरतो. कमाल मर्यादा १,००० पौंड, मोटारमार्गावर २,५०० पौंड. गुन्हा लवकर कबूल केल्यास दंड एकतृतीयांशापर्यंत कमी होतो, पण दोषांक व बंदी कमी होत नाही.

साध्या प्रकरणांचा निकाल एकच मॅजिस्ट्रेट कागदपत्रांवरून देतो. बंदीचा विचार असेल तर मात्र चालकाला तसे कळवून म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. अशा पत्राकडे दुर्लक्ष करणे महागात पडते, कारण संधी देऊनही जो आला नाही त्याला गैरहजेरीत बंदी घालता येते.

दोषांकांची बेरीज

या बंदीचा आधार १९८८ च्या रस्ते वाहतूक अपराधी कायद्याचे कलम ३५ हे आहे. बेरजेत गुन्हा घडल्याची तारीख धरतात. निकालाची किंवा दंड भरल्याची नव्हे. समजा, एका चालकास १० मे २०२१, फेब्रुवारी २०२२ आणि नोव्हेंबर २०२३ या गुन्ह्यांसाठी प्रत्येकी ३ दोषांक मिळाले आणि एप्रिल २०२४ मध्ये तो चौथ्यांदा पकडला गेला. चारही गुन्हे तीन वर्षांच्या आत बसतात. बेरीज १२ होते. चौथा गुन्हा जून २०२४ मध्ये घडला असता तर पहिले ३ दोषांक बेरजेतून गळले असते आणि ९ च उरले असते. सुनावणी लांबवून मात्र काही साधत नाही. दोषांकांची नोंद चार वर्षे दिसत राहते, पण बेरजेत ती तीनच वर्षे धरतात. २०१५ पर्यंत परवान्यासोबत एक कागदी पुरवणी असे व तीवर नोंदी होत. आता त्या केवळ सरकारी संगणकावर असतात.

किमान मुदत सहा महिने. आधीच्या तीन वर्षांत ५६ दिवसांची किंवा त्याहून मोठी एक बंदी भोगलेली असेल तर एक वर्ष, अशा दोन असतील तर दोन वर्षे. शेवटचा गुन्हा किती मोठा होता याचा येथे उपयोग नाही. अभिनेत्री एमा वॉटसन यांच्या परवान्यावर ९ दोषांक असताना जुलै २०२४ मध्ये त्या ऑक्सफर्डमध्ये ३० च्या रस्त्यावर ३८ मैल वेगाने जाताना आढळल्या. आठ मैलांचा हा फरक एरवी ठरीव दंडावर मिटला असता. जुलै २०२५ मध्ये त्यांना सहा महिन्यांची बंदी झाली.

अपवादात्मक हालअपेष्टा

बेरजेच्या बंदीतून सुटण्याची एकच खरी वाट कायद्याने ठेवली आहे. बंदीमुळे अपवादात्मक हालअपेष्टा होतील असे न्यायालयाला पटले, तर ते बंदी घालत नाही किंवा तिची मुदत कमी करते. या तरतुदीतील सारे वजन 'अपवादात्मक' या विशेषणावर आहे. गाडी बंद झाली की कोणाचीही गैरसोय होते. तशी ती व्हावी हाच शिक्षेचा हेतू आहे. गुन्हा किरकोळ होता, हे कारण कलम ३५ स्पष्टपणे नाकारते. नुसती नोकरी जाणेही सहसा पुरेसे मानले जात नाही.

न्यायालय पाहते ते पुढचे परिणाम, आणि त्यातही निरपराध माणसांवर होणारे. नोकरी गेल्यावर घराचे हप्ते थकून मुलांसह घर सोडावे लागेल काय? चालक लहान व्यवसाय चालवत असेल तर त्याच्याकडील कामगारांची रोजी बुडेल काय? दूरच्या खेड्यात एकट्या राहणाऱ्या आजारी आईला रुग्णालयात नेणारे दुसरे कोणी आहे काय? यांतील प्रत्येक प्रश्नाला उलटा प्रश्न येतो. बस किंवा रेल्वे नाही काय? घरात दुसऱ्या कोणाकडे परवाना नाही काय? शिल्लक रकमेतून सहा महिने टॅक्सीचा खर्च भागणार नाही काय? म्हणून नुसते रडगाणे चालत नाही. शपथेवर साक्ष द्यावी लागते आणि तिच्यावर उलटतपासणी होऊ शकते. मालकाचे पत्र, बँकेचा हिशेब, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, एवढेच काय, गावच्या बसचे वेळापत्रकही पुरावा म्हणून दाखल होते. सिद्ध करण्याचा भार चालकावर असतो, परंतु तो दिवाणी दाव्याइतकाच, म्हणजे संभवाच्या तोलावर असतो.

न्यायालयाने म्हणणे मान्य केले तर त्याची कारणे खुल्या न्यायालयात सांगावी लागतात. दोषांक मात्र पुसले जात नाहीत. चालक १२ किंवा अधिक दोषांक घेऊन रस्त्यावर परततो. पुढच्या तीन वर्षांत तो पुन्हा सापडला तर तेच कारण दुसऱ्यांदा पुढे करता येत नाही.

या तरतुदीवर दोन बाजूंनी टीका होते. रस्ता-सुरक्षेसाठी झटणाऱ्या संस्थांचे म्हणणे असे की, न्यायालये फार सहज विरघळतात आणि बारा दोषांकांचे चालक गाड्या चालवत राहतात. २०२० मध्ये मॅजिस्ट्रेटांसाठीच्या मार्गदर्शक सूचना अधिक स्पष्ट व कडक करण्यात आल्या, त्या याच पार्श्वभूमीवर. दुसरी टीका कमी ऐकू येते, पण ती अधिक मूलगामी आहे. लंडनमध्ये भुयारी रेल्वेजवळ राहणाऱ्यास बंदी म्हणजे गैरसोय. दिवसातून दोनच बस येणाऱ्या खेड्यातील मजुरास ती उपासमार ठरू शकते. नियम मात्र दोघांना एकच. शिवाय अशा खटल्यांत सरकारी खर्चाने वकील सहसा मिळत नाही. ज्याला वकील परवडतो त्याची 'हालअपेष्टा' अधिक सुसंगतपणे मांडली जाते, आणि ज्याचे हाल खरोखर होणार असतात तो पुष्कळदा न्यायालयात माफी मागून मोकळा होतो. कोणता पुरावा आणायचा होता हे त्याला निकालानंतर कळते.

एकाच गुन्ह्याची बंदी

वेग फारच जास्त असेल तर दोषांकांऐवजी थोड्या दिवसांची बंदी येऊ शकते. तसे झाल्यास त्या गुन्ह्याचे दोषांक लागत नाहीत, पण आधीचे परवान्यावर तसेच राहतात. याउलट बेरजेची बंदी भोगून झाल्यावर जुने दोषांक बेरजेत धरले जात नाहीत. त्यामुळे ९ दोषांकांचे काही चालक सहा महिने टाळण्यासाठी स्वतःच थोड्या दिवसांची बंदी मागतात. बेरीज १२ होत असेल तर आधी बेरजेच्या बंदीचा विचार करावा, अशी मॅजिस्ट्रेटांना सूचना आहे.

नवे चालक आणि भारतीय परवाना

१९९५ च्या नवचालक कायद्यानुसार परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षांत ६ दोषांक झाले की परवाना रद्द होतो. येथे हालअपेष्टा सांगण्याची सोय नाही. ही बंदी नव्हे. शिकाऊ परवाना लगेच काढता येतो, मात्र लेखी व प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात.

ब्रिटनमध्ये स्थायिक होणाऱ्या भारतीयांना, अर्थात मराठी डॉक्टर, अभियंते व त्यांच्या कुटुंबीयांनाही, हा नियम विशेष लागू पडतो. भारतीय परवान्यावर तेथे रहिवासी झाल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. तो बदलून ब्रिटिश परवाना मिळत नाही, परीक्षा द्यावी लागते. पुण्यात किंवा नागपुरात वीस वर्षे गाडी चालवलेला माणूसही त्या दिवसापासून दोन वर्षे कायद्याच्या दृष्टीने नवचालकच असतो. त्याला १२ नव्हे, ६ चा आकडा लक्षात ठेवावा लागतो.

बंदीचा अंमल

बंदी उच्चारल्या क्षणापासून लागू होते. न्यायालयात स्वतः गाडी घेऊन आलेल्याला ती चालवत घरी नेता येत नाही. बंदीच्या काळात गाडी चालवणे हा वेगळा गुन्हा असून त्यास इंग्लंड व वेल्समध्ये सहा महिन्यांपर्यंत कारावास आहे. विम्याचे संरक्षणही राहत नाही. क्राउन न्यायालयात अपील करता येते आणि त्याच्या निकालापर्यंत बंदी स्थगित करण्याची विनंतीही करता येते. मुदतीपूर्वी बंदी उठवण्याचा अर्ज दोन वर्षांनंतरच करता येत असल्याने सहा महिन्यांच्या बंदीला त्याचा उपयोग नाही. बंदी ५६ दिवसांची किंवा अधिक असेल तर परवाना आपोआप परत मिळत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो. त्यानंतर विम्याचा हप्ता वाढतो, आणि हा भार बंदी संपल्यावरही काही वर्षे सोसावा लागतो.

भारतातील तरतूद

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८३ वेगमर्यादाभंगास लागू होते. २०१९ च्या सुधारणेनंतर हलक्या वाहनासाठी १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व अवजड प्रवासी किंवा मालवाहू वाहनासाठी २,००० ते ४,००० रुपये दंड आहे; दुसऱ्या गुन्ह्यानंतर परवाना जप्त करण्याची तरतूद आहे. याशिवाय कलम १९ नुसार परवाना देणारा अधिकारी चालकाचे म्हणणे ऐकून परवाना निलंबित करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता-सुरक्षा समितीने २०१५ मध्ये अतिवेगासाठी किमान तीन महिने निलंबन करण्याचे निर्देश राज्यांना दिले. दोषांकांच्या बेरजेची पद्धत २०१९ च्या सुधारणेतही आली नाही. ब्रिटनमध्ये बंदीचा निर्णय न्यायालय खुल्या सुनावणीत घेते, तर भारतात निलंबनाचा आदेश बहुधा प्रादेशिक परिवहन कार्यालयातून निघतो.